एकोणतीस नंबरला पासवर्ड नाही

१

रोज सकाळी साडेआठला मी चपला काचेच्या केबिनबाहेर काढायचे, एसी लावायचे, मशीनवरचं प्लॅस्टिकचं आवरण घडी करून ठेवायचे आणि काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटेपर्यंत चहा संपवायचे. मशीनशेजारी चहा आणायला बंदी होती. ती बंदी मीच घातली होती, त्यामुळे ती मला लागू नव्हती.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा मे महिना. पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीतली रंग बनवणारी एक कंपनी. बी.एस्सी. झाल्यावर दादरला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि माझ्या बाबांच्याच कंपनीत मला नोकरी लागली. बाबा, म्हणजे धर्मराज खिल्लारे, टाकी साफ करणाऱ्या टोळीत. मी केबिनमध्ये. आमचा डबा एकाच पिशवीत यायचा, पण जेवायला ते त्यांच्या माणसांत बसायचे. "तुझ्या टेबलाला माझ्या हाताचे डाग पडतील," म्हणायचे. असलं बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

शेडच्या भिंतीवर दोन लाकडी फळ्या होत्या, एकीवर 'आत' लिहिलेलं, दुसरीवर 'बाहेर'. प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. टाकीत उतरायचं तर बिल्ला 'बाहेर'वरून काढून 'आत'वर टांगायचा, वाकून टाकीच्या तोंडात आपला नंबर आणि नाव ओरडायचं, मग शिडीने खाली जायचं. वर आल्यावर पुन्हा ओरडायचं आणि बिल्ला परत जागेवर. 'आत'ची फळी रिकामी झाल्याशिवाय टाकीचं झाकण लागत नसे. कारण झाकण लावलं की आत वायू सोडायचे, आणि त्यात माणूस पाच मिनिटंही टिकला नसता.

हे सगळं दादूकाका भोईर बघायचे. कंपनीचे टाइमकीपर, पावणे गावातलेच. त्यांच्या भातशेतीवर आता आमची शेड उभी होती.

शुक्रवारी परदेशातून गिऱ्हाइकं यायची होती. मॅनेजरसाहेबांना फळ्यांची लाज वाटत होती. फळ्या उतरवून सगळी नोंद मशीनवर आणायची, हे काम माझं. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला पासवर्ड. टाकीच्या तोंडापाशी दुसरी स्क्रीन. माणूस उतरताना नंबर आणि पासवर्ड टाइप करणार, वर आल्यावर पुन्हा. आत किती, बाहेर किती, ते मशीन सांगणार.

चार दिवस होते. मला दोनच पुरले असते.

२

सोमवारी दुपारी यादी भरून झाली. एक्केचाळीस माणसं, एक्केचाळीस पासवर्ड. त्या दिवशी तिन्ही टाक्या भरलेल्या होत्या, आत उतरायचा प्रश्नच नव्हता. मी चाचणी म्हणून बटण दाबलं.

आत : १.

काहीतरी चुकीचं टाइप झालं असणार. मी एकेका नंबरने आत गेले, बाहेर आले. कुणाचा पासवर्ड मोठ्या अक्षरांत पडला होता, तो सुधारला. पुन्हा बघितलं. आत : १. शेडमधल्या स्क्रीनची वायर काढली. १. सगळी यादी पुसली, फ्लॉपीवरून मूळ प्रोग्रॅम परत घातला, एक्केचाळीस नावं परत टाइप केली. सहा वाजत आले होते, बोटं दुखत होती. एकही माणूस आत घेतलेला नव्हता.

आत : १.

मग मी मशीनला विचारलं, कोण? त्याने नंबर दिला. २९.

यादीत २९ नव्हताच. दादूकाकांनी दिलेल्या कागदावर अठ्ठावीसनंतर तीस होता.

३

"काका, एकोणतीस नंबर कोणाचा?"

दादूकाका फळीसमोर उभे होते. सुट्टी होऊन बराच वेळ झाला होता. "त्यो कोनाला द्याचा नाय, पोरी."

"मी कोणाला देत नाहीये. कोणाचा आहे ते विचारतेय."

"शिवरामचा हाय."

"कामावर आहे का हा शिवराम?"

"हाय बी आनि नाय बी."

मला अशी उत्तरं खपत नाहीत. मी म्हणाले, "काका, माणूस एकतर पगारपत्रकावर असतो, नाहीतर नसतो."

ते रागावले नाहीत. सुपारी कातरत सांगू लागले. अठ्ठ्याहत्तर साली शिवराम तीन नंबरच्या टाकीत उतरला आणि आत कोणी आहे का हे न बघता झाकण लागलं. नंतर त्याचं प्रेत काढलं, गावी पाठवलं, सगळं रीतसर झालं. त्या गडबडीत बिल्ला 'आत'च्या फळीवर राहिला.

"तिसऱ्या दिसापासनं टाकीत ठोकल्याचा आवाज याचा. तीनच्या भोंग्याला. मंग मी त्याचा बिल्ला भायेर टांगला, आनि सांगितला, शिवराम, सुट्टी झाली रं. आवाज बंद. तवापासून रोज सकालचा आत, तीनला भायेर. धा वर्सं झाली."

"रोज?"

"रोज. रैवारी पन येतंय मी."

मला हसू आलं आणि चीडही आली. दहा वर्षं एक म्हातारा रविवारी सकाळ-दुपार दोन खेपा मारून पितळेचा तुकडा इकडून तिकडे टांगतो, आणि कोणी त्याला विचारत नाही.

केबिनमध्ये परत येऊन मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. ज्या नंबरला पासवर्ड नाही, तो मोजायचा नाही. बटण दाबलं.

आत : ०.

चूक कुठे होती ते मला कळलं नव्हतं. ती दिसायची बंद झाली, तेवढं मला पुरलं.

४

मंगळवारी सकाळी सुताराने फळ्या उतरवल्या. दादूकाका हातात एकच बिल्ला घेऊन उभे होते.

"याला पन एक पासवर्ड दे की. मी टाइप करीन त्याच्यासाठी. मला शिकव."

"मेलेल्या माणसाला पासवर्ड? साहेबांना काय सांगू?"

"साहेबाला कशाला सांगतेस?"

मी त्यांच्या हातून बिल्ला काढून घेतला आणि बाकीच्यांबरोबर पोत्यात टाकला. तो माझ्या हाताला गरम लागला. उन्हातल्या भिंतीवर होता, गरमच लागणार.

त्या दिवशी तीन नंबरची टाकी रिकामी करून सफाईला काढली. पहिले बाबा उतरणार होते. मी बघायला गेले. बाबा स्क्रीनपुढे वाकले, एका बोटाने २ दाबला, ६ दाबला आणि सवयीने टाकीच्या तोंडाकडे मान वळवून ओरडले, "सव्वीस! धर्मराज!" पुढे एकेक अक्षर दाबत, तेवढ्याच मोठ्याने, "पी! ए! आर! टी! यू! आर!"

परतूर. आमचं गाव. टाकीने ते परत म्हटलं, घुमत घुमत.

टाकीचं झाकण लावणारा रोहिदास पोट धरून हसत होता. "काका, आता बँकेचा नंबर पण सांगा!"

"बाबा! पासवर्ड ओरडतात का? तो गुपित असतो."

"अगं, आत जाताना ओरडायचं असतं. आत कोणी असलं तर कळायला नको?"

"आत कोणी नाहीये. मशीन सांगतंय ना."

"मग कोण ऐकतंय?" बाबा हसले, पट्टा आवळला आणि शिडीने खाली गेले. त्यांच्या टोळीतल्या सगळ्यांनी त्या दिवशी तेच केलं. नंबर, नाव, पासवर्ड, खणखणीत. मी प्रत्येकाला रागावले. बुधवारीही ते ओरडलेच.

५

चुकीचे पासवर्ड मी मशीनला साठवून ठेवायला सांगितले होते. या माणसांना इंग्रजी अक्षरं नवीन होती, कोण कुठे अडखळतो ते मला बघायचं होतं. बुधवारी संध्याकाळी पहिल्यांदा ती यादी उघडली.

मंगळवार, दुपारी तीन. शेडमधली स्क्रीन. नंबर २९. मागणी : बाहेर. पासवर्ड : कोरा. नाकारले.

अशा सात ओळी.

बुधवार, दुपारी तीन. नंबर २९. बाहेर. पासवर्डच्या जागी २९. नाकारले. २९. नाकारले. मग इंग्रजी अक्षरांत शिवा. मग शिवराम. मग पुन्हा कोरा, कोरा, कोरा. मी ओळी मोजल्या. चाळीस. सगळ्या तीन आणि तीन वाजून एक मिनिट यांच्यामधल्या. मी घड्याळ लावून स्वतः टाइप करून बघितलं. एका मिनिटात माझे नऊ झाले.

मी तडक शेडमध्ये गेले. "रोहिदास, हा चावटपणा तुझा आहे?"

"कसला?"

"तीन वाजता इथे चाळीस वेळा कोण टाइप करत होतं?"

"भोंगा झाल्यावर मी नळावर असतो हात धुवायला, सगळ्यांना माहितीये. आणि नंदिनी मॅडम, मला पगाराची सही करताना घाम फुटतो. मी चाळीस वेळा टाइप करू?" मग त्याने आवाज खाली आणला. "दादूकाकांनी काय सांगितलं काय तुम्हाला?"

"काही नाही. मशीनमध्ये दोष आहे. शुक्रवारनंतर बघते."

मी तसंच म्हणाले. माझ्या शिक्षणात त्या चाळीस ओळींसाठी दुसरा शब्द नव्हता.

६

गुरुवारी सफाई संपवायचीच होती. तीनचा भोंगा झाला तरी बाबा आतच थांबणार होते, कोपऱ्यातला एक थर राहिला होता. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला सांगितलं, "साडेतीनपर्यंत येतो वर. बरोबरच जाऊ घरी."

भोंगा झाला. पाळी सुटली. गर्दी ओसरल्यावर मी केबिनच्या काचेतून पाहिलं तर बाबा अंगणातून फाटकाकडे चालले होते. निळा डांगरी पोशाख, गमबूट, डोक्यापासून खांद्यापर्यंत टाकीतली पांढरी भुकटी. हात न धुता, कपडे न बदलता, भर उन्हात. मी काच वाजवली. "बाबा!" त्यांनी वळून बघितलं नाही. चालताना ते पाय उचलून टाकत होते, शिडीच्या पायऱ्या चढत असल्यासारखे, सपाट जमिनीवर.

मला राग आला. बरोबर जायचं ठरलं होतं.

स्क्रीनवर बघितलं. नंबर २६, बाहेर, तीन वाजता. आत : ०. म्हणजे आले होते वर. ठीक.

चुकांची यादी मी का उघडली, ते मला आजही सांगता येत नाही.

गुरुवार, दुपारी तीन. नंबर २९. बाहेर. P. नाकारले. नंबर २९. PA. नाकारले. PAR. PART. PARTU. नाकारले. नंबर २९. PARTUR. नाकारले.

पासवर्ड बरोबर होता. नंबर त्याचा नव्हता.

त्यानंतरची ओळ रोजच्या नोंदीत होती. त्याने नंबर बदलला होता. २६. PARTUR. बाहेर. मंजूर.

केबिनचं दार उघडलं. दादूकाका चपला घालूनच आत आले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पोरी, तुजा बापूस वर आला का?"

"आत्ता गेले. मी बघितलं."

"त्यानं ओरडलं नाय. मी शेडच्या मागल्या दारातच बसलोय. भायेर येताना धर्मराज ओरडल्याबिगर ऱ्हानार नाय."

मी अनवाणी पळाले.

७

रोहिदास झाकणाचा शेवटचा बोल्ट आवळत होता.

"उघड!"

"अहो, शून्य आलंय स्क्रीनवर."

"बाबा आत आहेत!"

"गेले की काका. मी हात धुवत होतो, माझ्या मागून गेले. मी म्हटलं पण, एवढी घाई?"

"तोंड बघितलंस?"

"पाठमोरे," तो म्हणाला. "पाठमोरेच होते." आणि त्याने पाना उलटा फिरवायला घेतला. वायूचा कॉक त्याने आधीच पाव फेरा फिरवला होता. दादूकाकांनी तो बंद केला. बोल्ट निघायला किती वेळ लागला मला माहीत नाही. मी नखांनी झाकण ओढत होते आणि ऐकत होते. आतून काहीही ऐकू येत नव्हतं.

झाकण सरकलं. रोहिदासने तोंडाला ओला फडका बांधला, दोर कमरेला लावला आणि उतरला. खाली टॉर्चचा उजेड फिरला. मग त्याचा आवाज आला, रडका. "आहेत! काका आहेत इथं!"

दोराने त्यांना वर घेतलं. चेहरा पांढरा, भुकटीने डोळे भरलेले, पण मनगटावर आईने बांधलेला काळा दोरा होता, डाव्या भुवईवरची खोक होती. माझे बाबा. नाकापाशी हात धरला. श्वास होता, दोऱ्यासारखा.

त्यांना टेम्पोत ठेवताना मी फाटकावरच्या शिपायाला विचारलं, थोड्या वेळापूर्वी कोण गेलं. तो चिडून म्हणाला, "तुमचे वडीलच की. बोललो तर बघितलं पण नाही. वाशीच्या रस्त्याला लागले."

८

वाशीच्या हॉस्पिटलात बाबांच्या नाकाला नळी लावली. डॉक्टर माझ्याच वयाचे होते, त्यामुळे मला त्यांच्यावर विश्वास ठेवता आला.

"शुद्ध नाहीये. पण आवाज कुठेतरी पोचत असावा, मघाशी पापणी हलली. त्यांच्या जवळच्या माणसाने नावाने हाक मारत राहायला हवं. ओ दिली की आपण जिंकलो. नाहीतर असेच खोल जातील, मग माझ्या हातात काही नाही."

मी हाका मारल्या. बाबा, बाबा, अहो बाबा. पापणी हलली नाही. दादूकाकांनी मारल्या. नाही.

"आई कुठे आहेत तुमच्या?" डॉक्टर म्हणाले. "त्यांना आणा. लवकर."

दादूकाका म्हणाले, "जा तू. मी हाय इथं." माझ्या पायात अजून चपला नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या काढून दिल्या. रिक्षात बसल्यावर मला आठवलं की आठवडाभर मी या माणसाला एकही सरळ उत्तर दिलेलं नाही.

९

आमचं घर वाशीला, तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळचे साडेपाच, जिन्यात ऊन होतं. आईने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. यांचं डोकं दुखतंय वाटतं. आल्यापासून एक शब्द नाही."

"कोण आलंय?"

"कोण काय? तुझे बाबा. चारच्या सुमाराला आले, ते सरळ न्हाणीघरात. केव्हाचे आंघोळ करतायत. दोन बादल्या मी भरून दिल्या दारातून."

न्हाणीघरातून आवाज येत होता. तांब्या पाण्यात बुडायचा, वर यायचा, पाणी फरशीवर पडायचं. बुडायचा, वर यायचा, पडायचं. बाबा आंघोळ करताना गुणगुणतात, खाकरतात, साबण सापडत नाही म्हणून ओरडतात. हा आवाज नुसता पाण्याचा होता.

"आई, बाबा हॉस्पिटलात आहेत."

"काय बरळतेस?"

"टाकीत सापडले. मी आत्ता त्यांच्याजवळून आले. शुद्ध नाहीये. तू चल, हाक मारायला तूच हवीस."

आईने माझ्या कपाळाला हात लावला. "उन्हातून आलीस. बस. यांना बाहेर येऊ दे, मग तेच सांगतील तुला."

मी तिचा हात धरून ओढला. तिने हिसडा दिला. "नंदिनी! वेड लागलंय का? नवरा घरात असताना मी दुसऱ्या कुठल्या माणसाच्या उशाशी जाऊन बसू?"

पाणी थांबलं.

न्हाणीघराची कडी वाजली. दार वीतभर उघडलं आणि फटीतून एक हात बाहेर आला, तळवा वर करून. टॉवेल मागायचा असला की बाबा असाच हात काढतात. आई खुंटीवरचा टॉवेल घेऊन पुढे झाली. मी तिच्या मागेच होते, म्हणून मलाही दिसलं.

दीड तास पाणी ओतणारा तो हात कोरडा होता. कोपरापर्यंत पांढरी भुकटी, एक थेंबही न लागलेली. मनगटावर दोरा नव्हता.

आई त्या हाताकडे बघत राहिली. तिला किंचाळी फुटेल असं मला वाटलं. तिने टॉवेल अलगद त्या तळव्यावर ठेवला, आपलं बोट लागणार नाही असा, आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "पुसून घ्या. चहा टाकते हं." हात आत गेला. आईने कोनाड्यातलं कुलूप उचललं, मला दाराबाहेर ढकललं, कडी घातली आणि कुलूप लावलं. तिला अक्षर येत नाही. मी अजून उभीच होते, तिने सगळं करून टाकलं होतं.

दोन जिने आम्ही उतरलो. पहिल्या मजल्यावर ती थांबली, कठड्याला धरून.

"काय म्हणून हाक मारायची?"

"नावाने. डॉक्टर म्हणाले, नावानेच."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. आईने बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. अहो, ऐकलं का, नंदीचे बाबा. रेशनच्या दुकानातसुद्धा नाव मला सांगायला लावायची. आता तिचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता.

"तिथं जाऊन अडले तर?" ती म्हणाली. "एकदा इथंच घेऊन बघते." तिने डोळे मिटले, पदर घट्ट धरला, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणाली,

"धर्मराज."

वरून, दोन मजल्यांवरच्या आमच्या कुलूपबंद दारामागून, बाबांच्या आवाजात, लगेच उत्तर आलं.

"ओ. आलो."